गोळीची किंमत कुठे ठरते?



आपल्या बचत गटांच्या नोंदवह्या उघडून पाहिल्या, तर कर्जाच्या कारणांमध्ये बियाणं, शेळी, पोरांची फी यांच्या जोडीला एक कारण हमखास सापडतं. ते म्हणजे दवाखाना. डॉक्टरची फी एकदाची असते, गोळ्या मात्र महिनोन्‌महिने चालतात. मेडिकलवाला पाकीट उलटं करून छापलेली किंमत दाखवतो, आणि आपण समजतो की ती कारखान्यात ठरली असेल. काही औषधांची किंमत मात्र कारखान्याच्याही आधी ठरते. ती ठरते कायद्यातल्या एका ओळीत. ती ओळ कशी लिहायची यावरून दिल्ली, जिनिव्हा आणि वॉशिंग्टन यांच्यात अनेक वर्षं ओढाताण चालू आहे. आज आम्ही तिचीच गोष्ट सांगणार आहोत.

कायद्याचं नाव पेटंटचा कायदा. पेटंट म्हटलं की आपल्याला हळद आठवते. जखमेवर हळद लावण्यावर अमेरिकेत १९९५ साली पेटंट दिलं गेलं होतं. आपल्या सीएसआयआर या वैज्ञानिक संस्थेने जुने पुरावे पुढे ठेवून १९९७ साली ते रद्द करून घेतलं. ती लढाई एका पेटंटाची होती. आजची गोष्ट खुद्द कायद्याची आहे.

पेटंट म्हणजे सरकारने दिलेला ठरावीक मुदतीचा मक्ता. कुणी खरोखर नवी वस्तू शोधली, तर ती कशी केली हे त्याने उघड करून लिहून द्यायचं आणि त्या बदल्यात सरकारने ती करण्या-विकण्याचा हक्क काही वर्षं त्या एकालाच द्यायचा. यात दोन प्रकार असतात. समजा, एका गटाने नाचणीचा अगदी नव्या तऱ्हेचा पापड काढला. सरकारने त्या पापडावरच मक्ता दिला, तर दुसऱ्या कोणत्याही गटाला तो पापड कोणत्याही रीतीने करता येणार नाही. हे झालं वस्तूचं पेटंट. पण मक्ता फक्त करण्याच्या रीतीवर असेल, तर दुसरा गट वेगळी रीत शोधून तसाच पापड बाजारात आणू शकेल. हे झालं पद्धतीचं पेटंट. (पापडाला कुणी पेटंट देत नाही, हे फक्त समजण्यापुरतं!) या दोन शब्दांतला फरक लक्षात ठेवू या. औषध एकाच्याच हाती राहतं की दहा जण ते करतात, हे या फरकावर ठरतं.

आपल्याकडचा जुना कायदा इंग्रजांनी १९११ साली केला. त्यात औषधाच्या वस्तूवरही मक्ता मिळत असे. देश स्वतंत्र झाला तेव्हा औषधांचा बाजार बहुतांशी परदेशी कंपन्यांच्या हातात होता. १९५४ साली पुण्याजवळ पिंपरीला, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने, पेनिसिलिन बनवणारा सरकारी कारखाना उभा राहिला. पण एक कारखाना पुरणार नव्हता. सरकारने न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांना पेटंटच्या कायद्याचा अभ्यास करायला सांगितलं. त्यांनी १९५९ साली अहवाल दिला. देशातली बहुतेक पेटंटं परदेशी मालकीची आहेत आणि त्यातल्या बऱ्याचशा वस्तू इथे बनवल्याच जात नाहीत, असं त्यांना दिसलं. म्हणजे मक्ता इथला, माल बाहेरचा आणि भाव त्यांच्या मनाचा. पुढे १९६१ साली अमेरिकेच्याच संसदेतल्या केफॉव्हर समितीने नोंदवलं की काही जीवरक्षक औषधांच्या भारतातल्या किमती जगातल्या सर्वांत चढ्या किमतींमध्ये मोडतात. गरीब देश, आणि औषध सगळ्यांत महाग!

नव्या कायद्याचं विधेयक १९६५ साली संसदेत आलं, पण पास व्हायला १९७० उजाडलं. तो कायदा एप्रिल १९७२ पासून लागू झाला. त्याने एक मोठी गोष्ट केली. अन्न आणि औषध यांच्या वस्तूवर पेटंट बंद केलं. फक्त पद्धतीवर पेटंट ठेवलं, आणि औषधाच्या बाबतीत त्याची मुदतही पाच ते सात वर्षांवर आणली. आता तीच गोळी वेगळ्या रीतीने बनवायला आपल्या कारखान्यांना वाट मोकळी झाली. आपले रसायनतज्ज्ञ त्यात तरबेज झाले. मुंबई, अहमदाबाद, हैदराबाद इथे औषधांचे कारखाने वाढले आणि एकाच औषधासाठी अनेक कंपन्यांची चढाओढ लागून भाव खाली आले.

हा काही भारतानेच काढलेला वेगळा विचार नव्हता. स्वित्झर्लंडचं उदाहरण घ्या. तिथल्या बाझेल शहरातल्या कारखान्यांनी एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये पेटंट असलेले रंग खुशाल बनवले, कारण त्यांच्या देशात तेव्हा पेटंटचा कायदाच नव्हता. पुढे जर्मनीने जकातीची धमकी दिली, तेव्हा कुठे १९०७ साली स्वित्झर्लंडने रसायनांच्या पद्धतीला पेटंट द्यायला सुरुवात केली. औषधाच्या वस्तूला पेटंट द्यायला तर तिथेही आणि इटलीतही १९७० चं दशक संपत आलं. म्हणजे स्वतःचे कारखाने मोठे होईपर्यंत त्यांनीही दार उघडं ठेवलं होतं. बाझेल शहराचं नाव ध्यानात ठेवा. ते पुढे पुन्हा येणार आहे.

आता १९८६ सालाकडे येऊ. गॅट नावाचा एक जागतिक व्यापार करार होता. देशादेशांतली आयात-निर्यातीची जकात कमी करणं हे त्याचं काम. त्याच्या वाटाघाटींची नवी फेरी त्या वर्षी उरुग्वे देशात सुरू झाली. जकातीच्या बैठकीत पेटंटचं काय काम, असं कुणीही विचारेल. पण ते काम तिथे आणलं गेलं. अमेरिकेतल्या डझनभर बड्या कंपन्यांनी त्याच वर्षी एक समिती स्थापन केली होती. फायझर या औषध कंपनीचे प्रमुख एडमंड प्रॅट त्यात पुढे होते. या समितीने १९८८ साली युरोप आणि जपानच्या उद्योगसंघटनांना बरोबर घेऊन करारात काय असावं याचा मसुदाच सरकारांच्या हाती ठेवला. प्रत्येक देशाने औषधासह सगळ्या वस्तूंना पेटंट द्यावं, मुदत मोठी असावी आणि न पाळणाऱ्याला व्यापारात शिक्षा व्हावी, असा त्याचा रोख होता.

भारत आणि ब्राझील यांनी बराच काळ विरोध केला. मग दुसरीकडून चिमटा बसला. अमेरिकेने १९८८ साली आपल्या व्यापार कायद्यात एक तरतूद आणली. तिचं नाव ‘स्पेशल ३०१’. जो देश पेटंटबाबत अमेरिकेच्या मनासारखं वागत नाही, त्याचं नाव दरवर्षी यादीत टाकायचं आणि वेळ पडली तर त्याच्या मालावर निर्बंध आणायचे. १९९१ साली भारताचं नाव या यादीच्या सगळ्यांत वरच्या रांगेत गेलं. त्या वर्षी आपल्या देशाची परकी चलनाची गंगाजळी आटली होती, सरकारला सोनं गहाण ठेवावं लागलं होतं. घरचं सोनं गहाण पडलेलं असताना सावकारापुढे आवाज चढत नाही, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. १९९२ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेने सुमारे ६ कोटी डॉलरच्या भारतीय मालाची जकात-सवलत काढून घेतली.

१९९४ साली मोरोक्को देशातल्या माराकेशला करारावर सह्या झाल्या आणि १ जानेवारी १९९५ पासून जागतिक व्यापार संघटना सुरू झाली. तिच्यातला पेटंटविषयीचा भाग म्हणजे ट्रिप्स करार. पेटंटची मुदत सगळीकडे किमान २० वर्षं ठरली. औषधाच्या वस्तूला पेटंट सुरू करायला भारताला २००५ पर्यंत मुदत मिळाली, पण तोवर येणारे अर्ज घेऊन जपून ठेवायचे होते. त्याबाबत आपली व्यवस्था अपुरी आहे अशी तक्रार अमेरिकेने केली आणि १९९७ साली निकाल भारताच्या विरुद्ध गेला. मग १९९९, २००२ आणि २००५ असा तीनदा आपला कायदा बदलला. १९७० साली बंद केलेलं वस्तूचं पेटंट १ जानेवारी २००५ पासून परत आलं.

पण मधल्या काळात दुसरीकडे एक गोष्ट घडत होती, आणि तिचा धागा मुंबईला जोडलेला आहे. आफ्रिकेत एचआयव्हीने माणसं मरत होती. रोग आटोक्यात ठेवणारी औषधं होती, पण एका माणसाच्या वर्षाच्या औषधांना दहा हजार डॉलरहून जास्त पैसे लागत. दक्षिण आफ्रिकेने स्वस्त औषधं आणता यावीत म्हणून १९९७ साली कायदा केला, तर ३९ औषध कंपन्या त्या सरकारविरुद्ध कोर्टात गेल्या. २००१ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या सिप्ला कंपनीने जाहीर केलं की तीच तीन औषधं आम्ही वर्षाला ३५० डॉलरमध्ये, म्हणजे दिवसाला सुमारे एका डॉलरमध्ये देऊ. सिप्लाला हे शक्य झालं ते १९७० च्या कायद्यामुळे. जगभर संताप उसळला, रुग्ण रस्त्यावर उतरले आणि एप्रिलमध्ये त्या कंपन्यांनी दावा मागे घेतला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कतारच्या दोहा शहरात सगळ्या देशांनी मान्य केलं की ट्रिप्स करार लोकांचं आरोग्य राखण्याच्या आड येता कामा नये.

म्हणून २००५ साली आपल्या संसदेत चर्चा आली तेव्हा रुग्णसंघटना, वकील, डावे पक्ष असे सगळे जागे होते. आफ्रिकेतल्या रुग्णांचेही डोळे दिल्लीकडे लागले होते, कारण त्यांच्या गोळ्या इथून जात होत्या. करार झाला होता, त्यामुळे वस्तूचं पेटंट टाळता येणार नव्हतं. पण करारात जेवढी मोकळीक होती तेवढी वापरून कायद्यात तीन दारं ठेवली गेली.

पहिलं दार कलम ३(डी). जुन्याच औषधाचं रूप थोडं बदललं आणि त्याने रोगावरचा गुण वाढला नाही, तर नवं पेटंट नाही. जुन्या साडीला नवा काठ लावला म्हणून साडी नवी होत नाही, तसं. हे कलम नसेल तर वीस वर्षं संपत आली की कंपनी काठ बदलते आणि आणखी काही वर्षांचा मक्ता मागते.

दुसरं दार हरकतीचं. फेरफाराची नोटीस चावडीवर लागते आणि ज्याला हरकत असेल त्याने मुदतीत तलाठ्याकडे नोंदवायची असते, हे आपल्याला ठाऊक आहे. तसंच पेटंटचा अर्ज प्रसिद्ध झाल्यावर, मंजुरीच्या आधी, त्याच्यावर हरकत घेता येते. कायद्यातले शब्द आहेत ‘कोणतीही व्यक्ती’. वकील, शास्त्रज्ञ, कंपनी असण्याची अट नाही.

तिसरं दार सक्तीच्या परवान्याचं. पेटंट मिळालं, पण औषध लोकांना परवडत नसेल किंवा पुरेसं मिळत नसेल, तर तीन वर्षांनंतर दुसरी कंपनी सरकारकडे ते बनवण्याचा परवाना मागू शकते. पेटंटवाल्याला विक्रीतला हिस्सा द्यायचा.

ही दारं कागदावरच राहिली का? नाही. तिन्ही उघडली गेली.

रक्ताच्या एका प्रकारच्या कर्करोगावर ग्लिव्हेक नावाची गोळी आहे. ती रोज, वर्षानुवर्षं घ्यावी लागते. कंपनी नोव्हार्टिस, गाव बाझेल. होय, तेच बाझेल! तिथल्या जुन्या रसायन कंपन्या एकत्र येऊन १९९६ साली ही कंपनी झाली. तिच्या गोळीचा महिन्याचा खर्च सुमारे १ लाख २० हजार रुपये होता, आणि भारतीय कंपन्यांची तीच गोळी आठ-दहा हजारांत मिळे. कंपनी पुष्कळ रुग्णांना गोळी फुकट देते असं तिचं म्हणणं होतं, आणि तशी योजना होतीही. पण दान देणाऱ्याच्या मनावर असतं, हक्काचं तसं नसतं. औषधाच्या एका नव्या रूपावर कंपनीने पेटंट मागितलं, तेव्हा मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनने हरकत घेतली. चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने २००६ साली अर्ज फेटाळला. कंपनीने कलम ३(डी) लाच मद्रास उच्च न्यायालयात आव्हान दिलं, तेही २००७ साली फेटाळलं गेलं. शेवटी १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. न्यायमूर्ती आफताब आलम आणि न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई यांचं ते खंडपीठ. देसाई त्याआधी मुंबई उच्च न्यायालयात न्यायाधीश होत्या. नवं रूप शरीरात तीस टक्के जास्त शोषलं जातं, असं कंपनीने सांगितलं होतं. न्यायालयाचं म्हणणं पडलं की तेवढ्याने रोगावरचा गुण वाढतो हे सिद्ध होत नाही. पेटंट नाकारलं गेलं.

तिसरं दार मुंबईत उघडलं. मूत्रपिंड आणि यकृताच्या कर्करोगावरचं बायर कंपनीचं नेक्साव्हार हे औषध महिन्याला सुमारे २ लाख ८० हजार रुपयांना मिळे. मार्च २०१२ मध्ये मुंबईच्या पेटंट कार्यालयाने हैदराबादच्या नॅटको कंपनीला ते बनवायचा सक्तीचा परवाना दिला, आणि किंमत ठरली सुमारे ८ हजार ८०० रुपये. पेटंटवाल्या कंपनीला विक्रीतला सहा टक्के हिस्सा ठरला. मात्र त्यानंतरच्या दहा वर्षांत दुसऱ्या कोणत्याही औषधाला असा परवाना मिळाला नाही.

आणि हरकतीच्या दाराची गोष्ट दोन बायकांची आहे. टीबी आपल्या गावांना नवा नाही. जगातले सर्वांत जास्त टीबीचे रुग्ण आपल्याच देशात आहेत. साध्या औषधांना दाद न देणाऱ्या टीबीवर पूर्वी जी इंजेक्शनं द्यावी लागत, त्यांनी काहींची ऐकण्याची शक्ती जात असे. मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा तिसिले या दोघी टीबीतून वाचल्या, पण कान गमावून बसल्या. बेडाक्विलिन या नव्या गोळीने त्या इंजेक्शनांची गरज संपते. जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीचं तिच्यावरचं मूळ पेटंट जुलै २०२३ मध्ये संपणार होतं. पण गोळीच्या एका क्षाररूपावर कंपनीने आणखी एक पेटंट मागितलं होतं. ते मिळतं, तर मक्ता २०२७ पर्यंत लांबला असता. या दोघींनी २०१९ साली त्या अर्जावर हरकत घेतली. मार्च २०२३ मध्ये मुंबईच्या कार्यालयाने कंपनीचा अर्ज नाकारला. मूळ पेटंट संपल्यावर दुसऱ्या कंपन्या पुढे आल्या आणि त्याच वर्षी जागतिक खरेदीत कंपनीने स्वतःची किंमत निम्म्याहून खाली आणली. सरकारी दवाखान्यात ही गोळी फुकट मिळते हे खरं, पण सरकार ती आपल्याच कराच्या पैशातून घेते. गोळी स्वस्त झाली की तेवढ्याच पैशात जास्त रुग्णांना पुरते.

औषध शोधायला खर्च येतो, असं कंपन्या म्हणतात. तो येतोच. शोधणाऱ्याला मोबदला मिळावा हेही रास्त आहे, आणि खऱ्या नव्या औषधाला आपला कायदा वीस वर्षं देतोच. भांडण आहे ते काठ बदलून मागितलेल्या जादा वर्षांवर, आणि ती द्यायची की नाही हे कोणाच्या दडपणाखाली ठरतं यावर.

ते दडपण संपलेलं नाही. अमेरिकेच्या ‘स्पेशल ३०१’ अहवालात भारताचं नाव वर्षानुवर्षं येत राहिलं आणि त्यात कलम ३(डी) वर नाराजी असते. मार्च २०२४ मध्ये आपल्या पेटंटच्या नियमांत बदल झाले. पूर्वी फुकट घेता येणाऱ्या हरकतीला आता शुल्क भरावं लागतं, आणि हरकत ऐकण्याजोगी आहे की नाही हे आधी अधिकारी ठरवतो. पेटंट घेतलेल्या कंपनीने ती वस्तू देशात किती बनवली-विकली याची माहिती दरवर्षी द्यायची होती, ती आता तीन वर्षांतून एकदा द्यायची आहे. कायदा तोच राहिला, पण दाराची कडी जरा घट्ट झाली. अशा बदलांचा आवाज गावापर्यंत येत नाही. येतो तो थेट गोळीच्या पाकिटावर.

मैत्रिणींनो, १९११, १९७०, २००५, २०२४. दर वेळी हा कायदा माणसांनीच लिहिला, आणि लिहिताना कुणी ना कुणी त्यांच्या खांद्यावरून वाकून बघत होतं. कधी परदेशी कंपनी, कधी परदेशी सरकार, तर कधी आपल्यासारखे रुग्ण आणि त्यांची घरची माणसं. आपण बघायचं सोडलं, तर बाकीचे सोडणार नाहीत. म्हणून गटाच्या पुढच्या बैठकीत दवाखान्याच्या कर्जाचा विषय निघेल, तेव्हा एक प्रश्न जरूर विचारा. हे औषध एकच कंपनी बनवते का? मेडिकलवाल्याला विचारा, आशाताईंना विचारा, सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना विचारा. उत्तर ‘हो’ आलं, तर त्या एकटेपणामागे कायद्याची कोणती ओळ आहे, हे शोधायला आपण सगळ्या मिळून बसू.

बियाण्याच्या हक्काबद्दलही तुम्ही विचाराल, हे आम्हाला माहीत आहे. बियाण्याचा कायदा वेगळा, २००१ सालचा, आणि त्याची ओढाताणही वेगळी. ती गोष्ट पुढच्या भागात. तोवर नमस्कार.